पुस्तकातलं टायमिंग

पेट्रोल मोजायची बांबूची पट्टी अजून माझ्याकडे आहे. वडिलांनी कानशीने तिच्यावर खाचा पाडल्या होत्या, एक खाच म्हणजे पाच लिटर. गाडीतला पेट्रोलचा काटा माझ्या लहानपणीच मेला होता. त्यामुळे टाकीचं झाकण काढायचं, पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठपर्यंत चढली ते बघायचं, ही आमच्याकडची पद्धत. गाडी पन्नासच्या दशकातली, विलायती बनावटीची, काळी, गोल पाठीची. वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात आणि आसपासच्या गावांत कुणाचं लग्न निघालं की नवरी चर्चला आमच्याच गाडीतून जायची. वडील गेले आणि गाडी, पट्टी आणि नवऱ्या पोचवायचं काम, तिन्ही माझ्याकडे आली.

वडील पट्टी आठवड्यातून एकदा बुडवायचे. मी रोज बुडवायचो. गाडी उघड्या शेडमध्ये उभी असायची आणि पेट्रोल चोरणं काय अवघड असतं? एक रबरी नळी आणली की झालं. संशय हा माझा स्वभाव आहे आणि मी तो कधी लपवलेला नाही. कॉलेजात मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे संशय घ्यायला साहित्यही हाताशी असायचं. दूधवाल्याच्या दुधात मी त्याच्यासमोर लॅक्टोमीटर बुडवलेला आहे. दूध चांगलं निघालं, पण दुसऱ्या दिवसापासून तो माणूस माझ्याशी बोलेनासा झाला. म्हटलं, नको बोलू.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती लिहायला गेलो तर कुणाला कळायची नाही, म्हणून आईचं बोलणं इथे सरळ मराठीत लिहितो. घरामागे वाडी होती. केळी, चार ओळी मोगरा, कडेने नारळ, मधोमध विहीर. शेजारच्या वाड्या एकेक करून विकल्या जात होत्या आणि आमच्या कुंपणाला लागून चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली होती. मलाही विकायचं होतं. बिल्डर दोनदा घरी येऊन गेला. दोन्ही वेळा आईने त्याला केळी दिली आणि सांगितलं, "झाडं उभी आहेत तोवर मी सही करणार नाही."

ठीक आहे, म्हटलं. मग झाडं नको उभी राहायला.

आता हे वाचून कुणाला मला नावं ठेवायची असतील तर त्याने खुशाल ठेवावीत. विहिरीवरचा पंप जुना होता, पेट्रोलवर चालू होऊन घासलेटवर चालणारा. त्याला दोन टाक्या. छोटीत पेट्रोल, मोठीत घासलेट. दोरी ओढून पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून घासलेटवर घ्यायचा, आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं पुन्हा पेट्रोलवर, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो दाद देत नाही. आई हे सगळं एकटी करायची, गेली पंधरा वर्षं. घासलेट रेशनवर यायचं, ते तीच आणायची. पेट्रोल मात्र मी आणायचो. पाऊस संपला आणि मी जाहीर केलं की यापुढे पंपासाठी पेट्रोल आणणार नाही. आई केळीची वाळकी पानं काढत राहिली. मला वाटलं, जमलं.

ह्याच सुमाराला गाडी ठोकायला लागली.

जुनं इंजिन ठोकतं म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. सपाट रस्त्यावर नाही, चढावर. वसईत चढ असतो कुठे, तर रेल्वेवरच्या पुलाला. तिथे गाडी चढवली की बॉनेटखाली खिळे वाजायचे.

ऑक्टेन म्हणजे ताकद, असा पुष्कळांचा गैरसमज आहे. माझ्या विद्यार्थ्यांचाही होता. ऑक्टेन म्हणजे धीर. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा एकत्र दाबली जाते, आणि ठिणगीने लागलेली आग पोचेपर्यंत पेट्रोलने गप्प बसायचं असतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल गप्प बसत नाही. ते आधीच, वाटेल तिथे, स्वतःहून पेटतं, आणि तोच तो ठोकण्याचा आवाज. आता मुद्दा असा की आमच्या गाडीचं इंजिन जुन्या काळचं, फारसं न दाबणारं. तिच्या जन्माच्या वेळी मिळायचं ते पेट्रोल आजच्याहून हलकं होतं. सत्त्याऐंशी ऑक्टेन तिला भरपूर झालं. सत्त्याऐंशीवर ही गाडी ठोकूच शकत नाही, हे मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं. आणि तरी ती ठोकत होती. याचा अर्थ एकच. टाकीत होतं ते सत्त्याऐंशी नव्हतं.

पहिला संशय सरकारवर. बिनशिशाचं पेट्रोल तेव्हा नवीनच सगळीकडे आलं होतं आणि जुन्या गाड्यांची वाट लागणार असं जो तो म्हणत होता. पण शिसं गेलं तरी आकडा तोच ठेवलेला होता, हे मला माहीत होतं. सरकारला नाइलाजाने सोडलं.

दुसरा संशय पेट्रोल पंपावर. मी कॉलेजातून फिल्टर पेपर नेले आणि पंपावरच्या माणसाला म्हटलं, नोझलचा एक थेंब ह्यावर टाक. शुद्ध पेट्रोल उडून जातं आणि कागद कोरा राहतो. घासलेट असेल तर तेलकट डाग उरतो. मागे सात रिक्षा उभ्या होत्या आणि सातही जण हॉर्न वाजवत होते. कागद कोरा राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, दुसऱ्या नोझलचा थेंब घेतला. तोही कोराच. तिसऱ्या वेळी तो माणूस मला लांबून बघूनच म्हणाला, "आले सायंटिस्ट." मी महागाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही भरून बघितलं. नवं पेट्रोल भरलं की गाडी दोन-चार दिवस बरी चालायची. मग पुन्हा खिळे.

तेव्हा एका रविवारी, चर्चची मिस्सा आटोपून आल्यावर, मी माझ्याच टाकीत पट्टी बुडवली आणि तिच्या टोकाचा थेंब कागदावर टाकला. पाच मिनिटं थांबलो. दहा मिनिटं थांबलो. कागदावर रुपयाएवढा तेलकट डाग राहिला.

म्हणजे पेट्रोल पंपावर शुद्ध आणि माझ्या शेडमध्ये भेसळ. आणि पट्टीवरची ओल रोज जिथल्या तिथे. कुणीतरी माझं पेट्रोल काढत होतं आणि तेवढंच घासलेट परत भरत होतं. साधा चोर भरपाई कशाला करेल? हा कुणीतरी माझ्या पट्टीबद्दल माहिती असलेला माणूस होता.

असा बाहेरचा माणूस एकच होता.

पाचूबंदरला एक म्हातारा मिस्त्री होता. कोळी माणूस. जेट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आमच्या गाडीला वडिलांच्या वेळेपासून त्याच्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तो सायकलवरून उमेळ्याला यायचा, मी कॉलेजात असताना. गाडीची एक किल्ली त्याच्याकडेच असायची. काम झालं की ओटीवर बसून आईच्या हातचा चहा प्यायचा, आणि त्याच्यासाठी फडताळात एक वेगळा मोठा ग्लास ठेवलेला होता, कारण त्याला कपातला चहा म्हणजे चेष्टा वाटायची. वडिलांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. मी त्याला काका म्हणायचो.

आणि आता मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. सांगताना लाज वाटते, पण ठेवली. वडिलांनी जपलेलं गाडीचं छापील पुस्तक काढलं, टायमिंगचं पान उघडलं, आणि एक छोटा बल्ब तारेने जोडून टायमिंग तपासलं. टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. पुस्तकात दिलं होतं त्याहून ते बरंच मागे होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. पुढच्या महिन्यात, त्याचा गुरुवार होऊन गेल्यावर, पुन्हा तपासलं. आणखी मागे. ठोकणं जरा कमी झालं होतं खरं, पण गाडीत जीव राहिला नव्हता. पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची आणि पेट्रोल ढोसायची. पन्नास वर्षं इंजिनं हाताळणारा माणूस चुकून टायमिंग मागे ठेवेल? शक्यच नाही. तो मुद्दाम करत होता.

का करत होता, तेही मी जुळवलं. दिवाळीनंतर तो जूचंद्रच्या एका दलालाला घेऊन आला होता. दलाल शूटिंगवाल्यांना जुन्या गाड्या पुरवायचा. "विकायची झाली तर सांग," एवढंच काका म्हणाला होता. झालं. गाडी मरतुकडी करायची, मला कंटाळा आणायचा आणि मातीमोल भावात उचलायची. सगळे दुवे जुळले. माझं डोकं असं चालायला लागलं की चांगलंच चालतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी पाचूबंदरला गेलो. बोटी नुकत्याच लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालू होता, शेडबाहेर चार-पाच बोटवाले आपापल्या इंजिनांची वाट बघत उभे होते. एकट्याला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. मी सगळ्यांसमोर विचारलं.

"काका, माझ्या गाडीचं टायमिंग मागे कुणी घेतलं?"

"मीच घेतलंय."

"आणि माझ्या टाकीत घासलेट कुठून येतं?"

तो चिंधीला हात पुसत होता. पुसतच राहिला. मी आणखी बरंच बोललो. दलालाचं बोललो, किल्लीचं बोललो, वडील असते तर काय म्हणाले असते तेही बोललो. माझं संपल्यावर त्याने शेडमध्ये जाऊन खिळ्यावरची आमच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"टायमिंग मागं का घेतलं ते नाय सांगत," तो म्हणाला. "दुसरा मिस्त्री बघ."

मला तो कबुलीजबाब वाटला. परत येताना मी चक्क खूश होतो. आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "त्याला असं बोललास?" तिने विचारलं. मी म्हटलं, चोराला अजून कसं बोलायचं? ती उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. वडिलांचा मित्र, वाईट वाटलं असेल, असं मी समजलो.

स्टेशनजवळच्या एका तरुण मिस्त्रीकडून मी टायमिंग पुस्तकाबरहुकूम लावून घेतलं. गाडीत जीव आला आणि खिळेही परत आले, आधीपेक्षा जोरात. ईस्टरआधीचा उपवासकाळ होता, लग्नं नव्हती, गाडी बहुतेक शेडमध्येच उभी. चोर गेला म्हणून मी पट्टी बुडवायचंही कमी केलं. इकडे वाडीतली केळी काही वाळायला तयार नव्हती. मार्च सरत आला तरी हिरवीगार, मोगऱ्याला कळ्या. मला वाटलं, यंदा जमिनीत ओल जास्त आहे. बिल्डरला सांगितलं, मे महिन्यात बघू.

ईस्टरनंतरच्या पहिल्या लग्नाला आमच्या आळीतलीच मुलगी नवरी होती, आणि लग्न पुलापलीकडच्या चर्चमध्ये. मागे ती, तिची करवली आणि एक आत्या. पांढऱ्या झग्याने मागची सीट भरून गेली होती. पुलाच्या निम्म्या चढावर खिळे वाजायला लागले. मी दात-ओठ खाऊन पाय तसाच दाबून धरला. बॉनेटखालून फाटकन आवाज आला, पांढरी वाफ उसळली आणि गाडी उभी राहिली. मागे ट्रक, टेम्पो, सगळे खोळंबले. शेवटी नवरी रिक्षातून गेली, झगा आत मावेना म्हणून करवली बाहेरून धरून पळत होती. आत्या उतरताना मला म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातून एकदाही असं झालं नाही."

तरुण मिस्त्रीने इंजिनचं हेड उघडलं. गॅस्केट फुटलेलं, एका पिस्टनचा माथा वाळवी लागल्यासारखा खाल्लेला. "एवढं ठोकत असताना चालवत होता? निम्मं घासलेट आहे ह्यात," तो म्हणाला. "टायमिंग मागे ठेवलं असतं तर इंजिन वाचलं असतं. जुने मिस्त्री तेच करतात, पेट्रोल हलकं असलं की."

किल्ली तीन महिने माझ्या खिशात होती. काका तीन महिन्यांत उमेळ्यात फिरकला नव्हता. मग हे निम्मं घासलेट घातलं कुणी?

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजात काही कारणाने तास रद्द झाले आणि मी नऊ वाजताच घरी परतलो. आळीच्या तोंडाशी पंपाचा आवाज ऐकू आला. टक टक टक टक. आमच्या आळीत तोवर एकच पंप उरला होता.

मी मागच्या बाजूने गेलो. पाट वाहत होता. आई पदर खोचून विहिरीच्या काठावर बसली होती, खांद्यावर रबरी नळी, पायाशी एक रिकामी बाटली. मला बघून ती दचकलीही नाही. आधी तिने कॉक पेट्रोलवर फिरवला, मोजून दोन मिनिटं थांबली, मग पंप बंद केला.

"तू?" मी म्हटलं.

"मी चोरी केलेली नाही," आई म्हणाली. "बाटलीभर काढलं की बाटलीभर घातलं. एक थेंब कमी घातला नाही. पट्टी बघ हवी तर."

"अगं, पण घासलेट घातलंस तू. गाडीत."

"मग? पंप नाही का चालत? चालू व्हायला पेट्रोल लागतं, पुढे घासलेटच तर लागतं. गाडी चालू व्हायची ना रोज?"

ऑक्टेनवर मी त्या वर्षी तीन तास शिकवले होते. त्यातलं एकही वाक्य तिथे विहिरीवर उपयोगाचं नव्हतं. तिच्या हिशेबाने तिचं चोख होतं. आणि माझ्या नाकासमोर सहा महिने केळी हिरवी उभी होती, पंप बंद असताना. फिल्टर पेपर घेऊन गावभर हिंडलो, पण स्वतःच्या मागच्या दारी जाऊन पाटात बोट बुडवलं नाही. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

"काकाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी सांगितलं नव्हतं." ती नळी गुंडाळत होती. "तू त्याला बोलून आलास आणि त्याने आरोप नाकारला नाही, तेव्हा मला कळलं की त्याला माहीत असणार. त्या दिवशी तुला सांगायला हवं होतं. पण तू टाकीला कुलूप लावलं असतंस, आणि मोगऱ्याला कळ्या धरत होत्या. पाप माझं पण आहे."

दुसऱ्या दिवशी मी पाचूबंदरला गेलो. मुद्दाम लिलावाच्याच वेळेला गेलो, बोटवाले उभे असताना. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काका, मी चुकलो. घासलेट आमच्याच घरातून पडत होतं. तुमचा काही संबंध नव्हता."

त्याने मान हलवली आणि हातातलं काम पुरं केलं. मग म्हणाला, "पहिल्याच खेपेला मला टाकीत वास आला. मग बघतो तर पाटात पानी. पंप बंद केलाय असं तूच मला सांगितलं होतंस, मोठ्या फुशारकीनं. मग पानी काढतंय कोन? म्हटलं, म्हातारी करते ते करू दे. आपुन इंजिन सांभाळू. दर खेपेला टायमिंग जरा जरा मागं घेत गेलो."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"



गाडीचं काम व्हायला पावसाळा उजाडला. पिस्टन मुंबईहून शोधून आणला, हेड काकानेच बसवलं. शेवटच्या दिवशी तो आमच्या शेडमध्ये ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवून उभा राहिला आणि मला म्हणाला, "टायमिंग कुठलं लावू? पुस्तकातलं, का तुझ्या आयचं?"

मी डिकी उघडली. आत नवा पाच लिटरचा डबा होता, पेट्रोलने भरलेला. पावसात पंप लागत नाही, पण मी भरून आणला होता. "हा पंपाचा," मी म्हटलं. त्याने झाकण उघडून वास घेतला, बंद केलं, आणि पुस्तकातलं टायमिंग लावलं. इंजिन शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. बिल्डरला मी त्याआधीच नकार कळवला होता.

त्यानंतर तो पहिल्या गुरुवारीच, पण मी कॉलेजातून परतल्यावर यायला लागला. किल्ली मी परत देऊ केली तेव्हा म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, तू घरी असशील तेव्हा येत जाईन. आई दर वेळी चहा ठेवायची. तो दर वेळी सायकलला टांग मारता मारता म्हणायचा, "नको, भरतीची वेळ झाली, बोटी येतील."

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा असतात. एका गुरुवारी तो गेल्यावर मी त्या बघितल्या. ओहोटी लागून दोन तास झाले होते. आईने चहा आधीच त्याच्या ग्लासात ओतला होता.